गोठ्यापलीकडचे पशुवैद्यक

कडा हे आष्टी तालुक्यातले, नगर–बीड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. जिल्हा बीड, पण उठबस बरीचशी नगरशी. पाऊस बेभरवशाचा, म्हणून या पट्ट्यातल्या अनेक शेतकरी घरांचा रोजचा खर्च दुधाच्या पगारावर चालतो. गाय आजारी पडली तर पगार बुडतो. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरला पहिला फोन जातो तो गाईसाठी: गाभण राहत नाही, वार अडकली आहे, गोचीड तापाने खाणे सोडले आहे. वस्तीवरच्या कुत्र्याचा नंबर त्यानंतर येतो आणि पुष्कळदा येतच नाही.

या कुत्र्याला मात्र काम भरपूर असते. गोठा, कांद्याची चाळ, शेळ्या आणि रात्रीची वस्ती त्याच्याच भरवशावर असते. २०२०च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांवर हल्ले केले, तेव्हा हा भरवसा किती नाजूक आहे तेही दिसले. शेजारच्या नगर जिल्ह्यात अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा वजनाने ३९ टक्के भाग एकट्या पाळीव कुत्र्यांचा निघाला. राखणदार स्वतःच भक्ष्य होतो. बिबट्यातून वाचला तर गोचीड, परव्हो विषाणू, साप आणि विष वाट पाहत असतात.

कुत्रा आणि मांजर यांच्या शरीराच्या आतल्या आजारांचा, म्हणजे रक्त, हृदय, मूत्रपिंड, यकृत, संप्रेरके आणि संसर्ग यांचा अभ्यास करणारी पशुवैद्यकाची शाखा म्हणजे लघुप्राणी वैद्यक. तिचे तज्ज्ञ मुंबई-पुण्यात बसतात. ते ज्या प्रश्नांवर संशोधन करतात, त्यांतले बरेचसे कड्यासारख्या गावांतच जन्म घेतात.

आधी घोडा, मग गाय, शेवटी कुत्रा

महाराष्ट्रातले पशुवैद्यकीय शिक्षण परळला सुरू झाले. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली तिथल्या बाई साखरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाच्या आवारात उभे राहिले. त्या काळी गरज होती लष्कराच्या आणि गाड्यांच्या घोड्यांची, बैलांची आणि गुरांच्या साथी रोखण्याची. पुढची कित्येक दशके देशातल्या पशुवैद्यकाची मोठी शक्ती बुळकांडीच्या लसीकरणात गेली. भारताला या रोगापासून मुक्तीचा आंतरराष्ट्रीय दाखला मिळाला तो २००६ साली.

नागपूरचे महाविद्यालय १९५८चे, परभणीचे १९७२चे. त्यानंतर उदगीर आणि शिरवळची महाविद्यालये आली. २००० साली ही सारी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली एकत्र झाली. अभ्यासक्रम सर्वांना सारखा, पण दवाखान्यात येणारा रुग्ण सारखा नसतो. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात म्हैस, बैल आणि शेळी यांचा राबता अधिक, तर परळला कुत्र्या-मांजरांची रांग. विद्यार्थ्याचा हात ज्या जनावरावर बसतो, त्याच जनावराकडे त्याची पुढची वाट वळते. परळच्या पदवीधराला मांजराच्या पायाची शीर पहिल्या खेपेस सापडते, उदगीरच्या पदवीधराला गाईचे गर्भाशय. दोघांची पदवी मात्र एकच.

तज्ज्ञ घडतो कसा

बारावीनंतर नीट परीक्षा, मग साडेपाच वर्षांची पदवी. तिच्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. त्यानंतर राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झाली की व्यवसाय करता येतो. लघुप्राणी वैद्यकाकडे वळणारे पुढे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतात आणि काही जण पीएचडी करतात. भारतात ही पदव्युत्तर पदवी बहुधा ‘पशुवैद्यकीय औषधशास्त्र’ या एकाच विषयाची असते. तिच्यात गायही येते आणि पॉमेरेनियनही. विद्यार्थ्यांच्या टेबलावर दोन जाडजूड ग्रंथ शेजारी असतात: गुराढोरांसाठी रॅडोस्टिट्स आणि कुत्र्या-मांजरांसाठी एटिंजर. दुसऱ्याची पहिली आवृत्ती १९७५ची.

अमेरिकेत तज्ज्ञांची वेगळी वाट त्याच दशकात पडली. १९७३ साली तिथे पशुवैद्यकीय अंतर्गत औषधशास्त्राचे स्वतंत्र कॉलेज स्थापन झाले. या कॉलेजला इमारत नाही. ती तज्ज्ञांची संस्था आहे, परीक्षा घेऊन ‘डिप्लोमेट’ ही मान्यता देणारी. पदवीनंतर एक वर्ष इंटर्नशिप, मग तीन वर्षे मान्यताप्राप्त रुग्णालयात रेसिडेन्सी, शोधनिबंध आणि शेवटी परीक्षा असा तिचा क्रम. लघुप्राणी औषधशास्त्र, हृदयरोग, कर्करोग आणि मज्जासंस्था अशा तिच्या वेगळ्या शाखा आहेत. युरोपातही अशीच व्यवस्था आहे.

भारतात पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षांत अभ्यासक्रम, प्रबंध आणि दवाखाना तिन्ही सांभाळतो. खरी तज्ज्ञता त्यानंतर येते, रोजच्या रुग्णांतून, कार्यशाळांतून आणि एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरच्या हाताखाली. म्हणून इथे ‘हृदयरोगतज्ज्ञ’ म्हणवणाऱ्याची तयारी पाटीवरून कळत नाही. त्याने किती इको केले आहेत त्यावरून कळते.

गोचीड: सर्वांत मोठा विषय

भारतातल्या लघुप्राणी तज्ज्ञांचा सर्वांत हक्काचा संशोधनविषय म्हणजे गोचिडीतून पसरणारे रक्ताचे आजार. त्याचा इतिहासही इथलाच. १९१० साली पॅटन या संशोधकाने मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात एक नवा परजीवी पाहिला, पुढे तो कोल्ह्यातही सापडला. आज त्याला बबेसिया गिब्सोनी म्हणतात. लाल पेशीत शिरून तो पेशी फोडतो. कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. त्याच्या जोडीला एर्लिकिया कॅनिस हा पांढऱ्या पेशींत राहणारा जीवाणू असतो.

एर्लिकियाची चाल फसवी असते. लागण झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रा खाणे सोडतो, मग आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. जंतू मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे शरीरात दबून राहतो. काही कुत्र्यांत तो शेवटी अस्थिमज्जा निकामी करतो. प्लेटलेट घसरतात आणि एके दिवशी नाकातून रक्त येते. ‘उन्हाने घोळणा फुटला’ असे समजून डोक्यावर पाणी ओतले जाते. डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा स्वस्त कोर्स पहिल्या टप्प्यात काम करतो, शेवटच्या टप्प्यात बहुधा नाही. सगळा खेळ लवकर ओळखण्याचा आहे.

ओळखण्याची पहिली पायरी खेड्यातल्या दवाखान्यातही शक्य आहे. कानाच्या पाळीच्या टोकावरचे केस काढून सुई टोचायची आणि पहिला थेंब काचपट्टीच्या एका टोकाला घ्यायचा. दुसरी काचपट्टी तिरकी धरून एका झटक्यात थेंब ओढायचा. शेवट पिसासारखा पातळ झाला तर स्लाईड साधली. ती वाळवून, मिथेनॉलमध्ये स्थिर करून, गिम्सा रंगात ठेवायची आणि तेलाच्या भिंगाखाली कडेकडेने पाहायची. लाल पेशीत अंगठीसारखा ठिपका दिसला तर बबेसिया, मोनोसाइटमध्ये तुतीसारखा जांभळा पुंजका दिसला तर एर्लिकिया. काही दिसले नाही तरी आजार नाही असे म्हणता येत नाही, कारण रक्तात जंतू थोडे असतात. म्हणून शहरातल्या प्रयोगशाळा पीसीआर वापरतात. कोणत्या भागात कोणता परजीवी किती, दोन्ही एकत्र किती वेळा आणि कोणते औषध निष्प्रभ ठरू लागले आहे, हे भारतीय पदव्युत्तर प्रबंधांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आहेत.

उपचाराची दुसरी बाजू घरात असते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर कुत्र्याचे रक्त पिते, पण कात टाकायला आणि अंडी घालायला भिंतीच्या फटीत, शेणाने सारवलेल्या कोपऱ्यात, पत्र्याच्या खाचेत जाते. एक मादी हजारो अंडी घालते. कुत्रा स्वच्छ केला आणि भिंत तशीच राहिली, तर महिन्याभरात तीच गत. शेतकरी यावर गाईसाठी आणलेले औषध कुत्र्याला लावतो. मात्रा चुकली तर विषबाधा होते, आणि मांजराला परमेथ्रिनसारखे औषध लागले तर झटके येऊन ते मरू शकते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कोली आणि तिच्या कुळातल्या काही कुत्र्यांना का सोसत नाही, याचा उलगडा २००१ साली एका जनुकातल्या दोषाने झाला. तेव्हापासून औषधाची मात्रा ठरवताना जातीकडे पाहण्याची रीत पडली.

मूत्रपिंड, हृदय आणि लागण होणारा कर्करोग

कुत्री जितकी जास्त जगतात, तितके म्हातारपणाचे आजार वाढतात. शहरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार हा तज्ज्ञांचा रोजचा विषय झाला आहे. अडचण अशी की रक्तातले क्रिअ‍ॅटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत मूत्रपिंडाचे सुमारे तीन चतुर्थांश काम गेलेले असते. त्यामुळे संशोधनाचा भर आधी धोक्याची सूचना देणाऱ्या खुणांवर आहे: रक्तातले एसडीएमए, लघवीतल्या प्रथिनांचे प्रमाण आणि रक्तदाब. आंतरराष्ट्रीय गट या विकाराच्या चार पायऱ्या मानतो आणि आहार व औषध पायरीनुसार ठरते. चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुत्र्यांचे डायलिसिसही होते.

हृदयरोगात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने नेहमीचा उपचार बदलला. लहान जातींच्या कुत्र्यांत डावी झडप गळू लागते आणि हृदय मोठे होते, पण धाप लागायला वेळ असतो. त्या अवस्थेतच पिमोबेंडान सुरू केले तर हृदय निकामी होणे साधारण पंधरा महिने लांबते, असे तिच्यातून दिसले. हृदय मोठे झाले आहे हे एक्स-रे किंवा इकोशिवाय कळत नाही. लक्षण दिसण्याआधी रुग्ण शोधणे म्हणूनच या शाखेचे मोठे काम ठरले.

मांजरांच्या बाबतीत अलीकडचा सर्वांत मोठा बदल एफआयपी या कोरोना विषाणूच्या आजारात झाला. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे मृत्यूच होते. कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने २०१९ साली जीएस-४४१५२४ या औषधाने ३१पैकी २५ मांजरे दीर्घकाळ जगवल्याचे दाखवले. माणसांच्या कोविडमध्ये घराघरांत पोचलेले रेमडेसिविर याच औषधाचे भावंड.

खेड्यातल्या मोकळ्या कुत्र्यांचा कर्करोग वेगळाच असतो. जननेंद्रियावर फ्लॉवरसारखी गाठ येते, रक्त ठिबकते. हा रोग संभोगातून पसरतो आणि पसरते ती कर्करोगाची पेशीच. १८७६ साली नोव्हिन्स्की या रशियन पशुवैद्याने ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने सांगितले की जगभरातल्या या गाठी चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात झालेल्या एकाच कुत्र्याच्या वंशातल्या आहेत. उपचार मात्र आवाक्यातला: आठवड्याला एक व्हिनक्रिस्टिनचे इंजेक्शन, बहुधा चार ते सहा वेळा. औषध शिरेबाहेर सांडले तर मांस सडते, म्हणून हात सराईत हवा. तेवढे जमले तर तालुक्याच्या गावीही कर्करोग बरा करता येतो.

एक विषय अजून पुरेसा हाताळलेला नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘सामान्य’ म्हणून छापलेले आकडे बहुतेक परदेशी जातींवरून आलेले असतात. ग्रेहाउंडमध्ये लाल पेशी अधिक, प्लेटलेट कमी आणि थायरॉइडचे संप्रेरक कमी असणे नैसर्गिक असते, आणि भुलीचे थायोपेंटोन दिल्यावर तो शुद्धीवर यायला वेळ घेतो. मराठवाडा आणि सोलापूर-सांगलीकडचे कारवानी, पश्मी कुत्रे याच सडपातळ, धावऱ्या वळणाचे. त्यांचे स्वतःचे आकडे हाती नसतील, तर निरोगी कुत्र्यावरही आजाराचा शिक्का बसू शकतो.

वीस मिनिटांची परीक्षानळी

बीडच्या माळरानावर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे चारही आढळतात. रात्री कुत्रा सापावर भुंकतो आणि बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर दंश घेतो. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हे तपासायला यंत्र लागत नाही. कुत्र्याचे ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष द्यायचे. ते माणसांसाठी बनवलेलेच असते, घोड्यांच्या रक्तापासून, या चारही सापांवर चालणारे.

पिकावरच्या विषाची ओळखही अशीच डोळ्यांनी होते. तोंडातून लाळेच्या तारा, टाचणीएवढ्या बाहुल्या, थरथर आणि पातळ शी अशी चारही लक्षणे दिसली की डॉक्टर सेंद्रिय फॉस्फरसचा संशय घेऊन अ‍ॅट्रोपिन भरतो. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला ‘ताप उतरावा’ म्हणून दिली जाते. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्त तपकिरी पडते आणि अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते.

सर्वांत गंभीर बाब रेबीजची. पिसाळलेला कुत्रा म्हटले की धावून चावणारा डोळ्यांपुढे येतो. दुसरा प्रकार मुका असतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. ‘घशात हाड अडकले’ म्हणून घरातले कोणी तोंडात हात घालते. म्हणून जबडा लुळा पडलेला लस न घेतलेला कुत्रा आला की आधी हातमोजे, मग तपासणी, असा पाठ दिला जातो. खात्रीचे निदान मेल्यावर मेंदूच्या नमुन्यातूनच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात. गोव्याने वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचत, शाळांतून शिकवत आणि प्रत्येक संशयित कुत्र्याचा माग काढत हा रोग माणसांतून हटवता येतो हे दाखवले. २०२१ साली राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केले.

परव्होचे गणितही लसीच्या वेळेचे आहे. १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा दोन्हींवर हल्ला करतो. पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असतात तोवर ती लसही निष्फळ करतात. ती नेमकी केव्हा ओसरतील ते सांगता येत नाही, म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यावा, असे लघुप्राणी पशुवैद्यकांची जागतिक संघटना सांगते. गावात एका डोसवर समाधान मानले जाते. त्यातही लस दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवी. लाइट गेल्यावर फ्रिज किती तास थंड राहिला, यावर तिचा गुण ठरतो.

नोकरी, दवाखाना, परदेश

पदवीधरांना सर्वांत ओळखीची वाट लोकसेवा आयोगाची: पशुधन विकास अधिकारी. काम लसीकरण, वंध्यत्व शिबिरे, कृत्रिम रेतन आणि विम्यासाठी शवविच्छेदनाचे. कुत्र्या-मांजराला उरलेला वेळ. लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये आणि पोलिसांच्या श्वानपथकांशी जोडलेल्या कामात कुत्रा केंद्रस्थानी असतो. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला संशोधनाची मुभा मिळते, पगार सरकारी राहतो. औषध आणि पशुखाद्य कंपन्या तांत्रिक अधिकारी नेमतात. परदेशी जाणाऱ्याला अमेरिकेत समकक्षता आणि परवाना परीक्षा, ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेजची परीक्षा द्यावी लागते.

खासगी व्यवसायात बहुतेक जण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी गाई आणि कुत्री दोन्ही बघतात. शहरात मोठे दवाखाने एकमेकांकडे रुग्ण पाठवू लागले आहेत. या बदलाची ठळक खूण म्हणजे मुंबईत महालक्ष्मी येथे जुलै २०२४मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लघुप्राणी रुग्णालय: पाच मजले, ९८ हजार चौरस फूट, २०० खाटा, १६५ कोटी रुपये खर्च. रतन टाटा यांना आपल्या कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला मिनेसोटाला न्यावे लागले होते, आणि तोवर उशीर झाला होता. त्या अनुभवातून ही कल्पना निघाली, असे त्यांनी सांगितले होते. अतिदक्षता, सीटी, एमआरआय आणि वेगवेगळे तज्ज्ञ एका छताखाली असल्याने नव्या पदवीधराला परदेशी न जाता रेसिडेन्सीसारखा अनुभव मिळण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली.

कड्यापासून अंतर

कड्याहून नगर पन्नासेक किलोमीटर, पुणे त्यापुढे सव्वाशे. सप्टेंबर २०२२मध्ये नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्याला स्थानक झाले आणि सप्टेंबर २०२५मध्ये गाडी बीडपर्यंत गेली. २०२५ सालीच राज्य मंत्रिमंडळाने परळी वैजनाथ आणि बारामती येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयांना मंजुरी दिली. परळी याच जिल्ह्यातली, पण दुसऱ्या टोकाची. कड्यापासून ती दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पुण्याहून लांब. जिल्ह्यात महाविद्यालय आले म्हणून आष्टीच्या कुत्र्याला तज्ज्ञ जवळ येत नाही.

जवळ येऊ शकते ती तपासणी. कानाच्या थेंबाची स्लाईड, ईडीटीएच्या नळीतले दोन मिलिलिटर रक्त आणि मोबाइलवर पाठवलेला एक्स-रे यांना दोनशे किलोमीटर फारसे नाहीत. अडचण दोन्ही टोकांना आहे. नमुना घेणाऱ्याला कुत्र्याचे वैद्यक पुरेसे शिकवलेले नसते आणि नमुना वाचणाऱ्याला वस्तीवरचा कुत्रा ठाऊक नसतो. गोचिडीचे आजार, परव्हो, रेबीज, सर्पदंश आणि संसर्गजन्य कर्करोग हे भारतीय तज्ज्ञांचे खरे विषय आहेत, आणि त्यांचे रुग्ण खेड्यात आहेत.

म्हणून परळीच्या महाविद्यालयात गाई-म्हशींच्या विभागाबरोबर कुत्र्या-मांजरांचा पूर्णवेळ विभाग, टपालाने नमुने घेणारी प्रयोगशाळा आणि आष्टी-पाटोद्यासारख्या तालुक्यांतल्या डॉक्टरांसाठी नियमित प्रशिक्षण सुरुवातीपासूनच असायला हवे. मागून जोडलेले विभाग कागदावर राहतात. पाळणाऱ्यांनी आपल्या हातातले तेवढे करावे: पिल्लाला सोळा आठवड्यांपर्यंत लसी, दरवर्षी रेबीजची लस, भिंतीच्या फटींसकट गोचिडीचा बंदोबस्त, आणि घरातली माणसाची गोळी जनावराला कधीही नाही.